तांदळात लिहिलेलं नाव

माझ्या बायकोचं नाव मी बदललं, आणि ती चूक माझी एकट्याची. दुसऱ्या कुणावर ढकलायला जागाच नाही. लग्न करून आम्ही बोरीहून गंगाखेडला आलो, नवरीचं नवं नाव लिहायला तांदळाचं ताट पुढं आलं, तेव्हा माझी आईच म्हणाली होती, "राहू दे की पोरीचं नाव. चांगलं हाय." पण मी शाळेत मराठी शिकवणारा. तिच्या आजीवरून ठेवलेलं ते नाव मला गावठी वाटलं. मी अंगठीनं तांदळात एक संस्कृत नाव लिहिलं आणि जमलेल्यांना त्याची व्युत्पत्तीही ऐकवली. नवरीला कुणी विचारलं नाही. मीही नाही. दुसऱ्या दिवशी त्या तांदळाचा भात झाला.

आमचा संसार चांगला झाला, हेही सांगायला हवं. ती हसरी आहे, मला चिडवते, माझं बोलणं लांबलं की सरळ उठून जाते. नवं नाव तिनं निमूट वापरलं, रेशनकार्डावर, बँकेत, सगळीकडं. जुनं फक्त बोरीत उरलं, तिच्या आईच्या तोंडी. गेल्या वर्षी त्या गेल्या. तेरावं करून परतताना एसटीत ती एवढंच म्हणाली, "आता त्या नावानं हाक मारणारं कुणी न्हाई." मी खिडकीबाहेरचा ऊस बघत बसलो.

एका स्थानिक साप्ताहिकात मी शब्दांवर सदर लिहितो. या हिवाळ्यात 'नाव' हा शब्द घेतला. संस्कृतातलं 'नामन्' आणि लॅटिनमधलं 'नोमेन' एकाच मुळाचे. दोन्ही नपुंसकलिंगी, आपलं 'नाव'ही तसंच. हे जमून आल्यावर मला फार बरं वाटत होतं. मुलगी हंगेरीत शेतीचं शिक्षण घेते. रविवारी दुपारी व्हिडिओ कॉलवर तिला तिथला शब्द विचारला. बायको शेजारी बसून हरभऱ्याचे घाटे सोलत होती.

"नेव," मुलगी म्हणाली. "आणि माझं नाव म्हणायचं तर 'नेवेम'. 'माझं' वेगळं नसतं, शब्दालाच शेवटी चिकटतं."

"म्हणजे हाही नामन्‌चा भाऊच!"

"बाबा, लगेच सोयरीक जुळवू नका. ही भाषा वेगळ्या कुळातली. कुणी जुनं नातं मानतात, कुणी योगायोग म्हणतात." मग ती आईला म्हणाली, "इथं पूर्वी लग्न झालं की बाईचं अख्खं नावच जायचं. नवऱ्याच्या नावाला 'ने' जोडायचं, म्हणजे अमक्याची बायको. झालं."

मीही माहिती पुरवली. जुन्या रोममध्ये मुलींना कुळाचंच नाव मिळे, बहिणी असल्या तर थोरली नि धाकटी म्हणायचं.

"मग त्या बाया बऱ्या," बायको हसत म्हणाली. "गावठी हाय म्हणून तर न्हाई काढलं त्यांचं."

म्हणजे मी तिचं नाव का काढलं, ते तिला ठाऊक होतं.

"आई, आजीनं बदललं ना तुझं नाव? बाबा म्हणायचे तसं."

बायकोचे हात थांबले. लहानपणी मुलीनं विचारलं होतं तेव्हा मीच सांगितलं होतं, जुन्या माणसांची रीत, आजीनं बदललं. माझी आई तेव्हा हयात नव्हती. तिच्यावर खापर फोडणं सोपं गेलं. बायकोनं ते आज पहिल्यांदा ऐकलं.

"सासूबाईंनी?" ती माझ्याकडं बघत म्हणाली. "त्या तर नको म्हणत होत्या. त्यांच्या माथी कशाला मारलं?"

मला चष्मा पुसायला घ्यावासा वाटला. घेतला नाही.

"आजीनं नाही बदललं," मी मुलीला सांगितलं. "मी बदललं. मला तुझ्या आईच्या नावाची लाज वाटली होती. आणि तुझ्याशी खोटं बोललो."

मग बायकोकडं वळलो आणि तिची आई मारायची तशी हाक मारली, त्या नावानं. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच.

ती दचकली. "अगं बाई! कोणाला हाक मारायलात?"

"तुलाच," मी म्हणालो. "नाव तुझं होतं. तुला न विचारता मी ते काढून घेतलं आणि दोष आईवर टाकला. चुकलं माझं. मला माफ कर."