म्यानाबाहेर आलेली तलवार

जुन्या हत्यारांचा नाद मला ऊर्जानगरला वीजकेंद्रात नोकरीत असताना लागला आणि निवृत्तीनंतर तो चांगलाच अंगाशी आला. धानोऱ्यापलीकडच्या एका गावातल्या गोंड म्हाताऱ्यानं मला मुद्दाम बोलावून घेतलं. त्याच्या घरी देवाजवळ एक तलवार होती. तो आईच्या पोटात असताना बाप इंग्रजांशी लढायला म्हणून गेला तो गेलाच. पुढे बऱ्याच वर्षांनी कुणी परका माणूस ती तलवार घरी देऊन गेला. गोऱ्या साहेबाच्या हातून ती हिसकावताना बाप मेला, असं त्यानं सांगितलं. आता गावात हुतात्म्यांचा दगड बसणार होता. बापाचं नाव त्यावर यायचं तर तलवार इंग्रजांच्या अमलातली आहे, असं कुणा जाणत्यानं सांगायला हवं होतं. आणि जाणता कोण, तर मी!

मूठ बघताच मी हरखलो. सिंहाचं तोंड, पांढऱ्या खरखरीत माशाच्या कातडीवर तारेचे वेढे, बोटं झाकणाऱ्या पितळी पंजावर दोर गुंडाळलेला जहाजाचा नांगर आणि वर मुकुट. इंग्रजी नौदलाच्या अधिकाऱ्याचीच, शंका नको. समुद्राशी काडीचा संबंध नसलेल्या या जंगलात! कुणाला न विचारता मी ती सर्रकन उपसली.

दारातली माणसं पुढे सरकली.

"उपसली न साहेब?" म्हातारा म्हणाला. "आता खरं सांगितल्याबिगर म्यानात नाई जात. आमच्या घरी तसंच आहे."

मी हसून वेळ मारून नेली असती, पण दारात अर्धं गाव बसलेलं. मला घेऊन आलेला ओळखीचा माणूस मोटरसायकलसकट कुठे तरी पसार झालेला. मांडीवर नागवं पातं आणि सगळ्यांचे डोळे माझ्या तोंडाकडे.

मग मुकुट नीट पाहिला. तो मधोमध दबलेला होता. परवापरवा वारलेल्या इंग्लंडच्या राणीचा तसा असतो. तिच्या बापाच्या वेळचा फुगीर असायचा. पात्यावरची हळद बोटानं पुसली, तर खाली तिच्याच नावाची अक्षरं. ती गादीवर बसली तेव्हा इंग्रज इथून जाऊन काही वर्षं झाली होती. मी उगाच पुन्हा पुसलं, उजेडाकडे धरलं, चष्मा काढून पाहिलं. अक्षरं काही बदलेनात. एक वाक्य खोटं बोललो की सुटलो, हेही कळत होतं; पण ते पातं हातात धरून ते माझ्या तोंडून निघेना.

"भाऊ," मी म्हणालो, "ही इंग्रज गेल्यावर घडवलेली आहे. तुमच्या वडिलांनी हिसकावलेली ही नव्हे."

म्हातारा चिडला असता तर मला बरं वाटलं असतं. त्यानं माझ्या हातून तलवार घेतली, सावकाश म्यानात सारली आणि देवाजवळ ठेवली. मग तिथूनच वळून त्यानं मला विचारलं, "मंग माया बाप घरी काऊन नाई आला?"