हेडलाइटवरचा लाल ठिपका

मंडळी, सुपरहिरोंच्या अ‍ॅक्शन फिगर पारखायच्या म्हटलं की अख्ख्या बारामतीत माझंच नाव निघतं. आज मात्र मी तोंडघशी पडलो.

सकाळी सांगवीचे एक तात्या घरी आले. पिशवीतून मोटारसायकलवर बसलेला सुपरहिरो काढून टेबलावर ठेवला. "लेकीचा हाय. ती नोकरीला लांब गेलीय. फोनवर म्हणली, असली हाय का नकली, इचारून या."

मी भिंग लावलं. हातापायाचे सांधे घट्ट, चाकं फिरती, तळाला कंपनीचा शिक्का. माल अस्सल! पण हेडलाइटवर लाल ठिपका.

मी ठणकावून सांगितलं, "तात्या, कुणीतरी वरून रंग मारलाय. दहापैकी सहा गुण. थांबा, कापसानं पुसून बघतो."

"आवो, पुसू नका! कुंकू हाय त्यं. दसऱ्याला ट्रॅक्टर पुजला की पोरगी ही गाडी बी पुढं आणून ठिवायची. आता ती न्हाय हितं, तर मीच लावतो."

मी कापूस खाली ठेवला. गुण मात्र सहाच ठेवले, नियम म्हणजे नियम.

तात्या हसले. "ऱ्हाऊ द्या सहा. मला कुठं इकायचीय?"

ते गेल्यावर मी माझं कपाट उघडलं. अकरा मोटारसायकली, सगळ्या सीलबंद, सगळ्या दहापैकी दहा. एकीचंही चाक आजवर जमिनीला लागलेलं नाही.

आत्ताच त्यातला एक खोका फोडलाय. दसऱ्यापर्यंत थांबू, की आजच कुंकू लावू?