आबांचं व्होल्टेज

आमच्या जळगावच्या गल्लीत टीव्ही एकट्या आबांकडे. रविवारी त्यावर अक्षरांतून शब्द आणि आकड्यांतून गणित जुळवायचा खेळ लागे. आम्ही पोरंही पाट्या घेऊन, त्यांच्याच घरात बसून तो खेळायचो. उत्तर पडद्यावर आलं की आबा मांडीवर थाप मारत, "मी हेच सांगणार होतो!" डोकं फिरायचं माझं.

एकदा भर मे महिन्यात माझ्या बहिणीने पडद्याच्या आधी उत्तर ओरडून सांगितलं, आणि ते बरोबर निघालं. आबांनी उठून टीव्हीच बंद केला. "व्होल्टेज कमी शे. बठ्ठा घर जा!" म्हणत ते आम्हा सगळ्यांना घरी पिटाळू लागले.

"आबा, पंखा तर जोरात फिरतोय," बहीण म्हणाली.

त्यांनी पंखाही बंद केला. पोरीकडून हरण्यापेक्षा त्या माणसाला जळगावचा उन्हाळा परवडला.