नापास ठरवलेला कंद

आमच्या गावामागच्या टेकडीवरचे कंदीलपुष्प कशामुळे नाहीसे झाले, हा प्रश्न घेऊन मी वनस्पती उद्यानात गेले होते. तिथे एका कुंडीतल्या वेलीवर ते फुललेले दिसले: बोटाएवढे, हिरवट, खरोखर कंदिलासारखे. शेजारच्या बीजपेढीत त्याच्या बिया जपलेल्या होत्या. ती पेढी सांभाळणारी सुनंदा माझीच जुनी विद्यार्थिनी.

"टेकडीवरची गुरांनी खाल्ली असावीत," मी म्हणाले.

"बाई, गुरे कंद उकरत नाहीत. आम्ही उकरायचो," ती हसून म्हणाली. "प्रात्यक्षिकाच्या वहीतल्या रोपाला कंद नसला की तुम्ही नमुन्याचे दोन गुण कापायचात."

ते खरे होते. दरवर्षी नवा वर्ग येई आणि प्रत्येक वहीत एक संपूर्ण रोप वाळत असे. मला त्या नेटकेपणाचा अभिमान होता.

"मग ही वेल कुठली?"

"फूल चुरगळले म्हणून माझा नमुना तुम्ही परत केला होतात. त्याचा कंद आईने परसात लावला. तिथूनच ही वेल इथे आणली."

जे मी नाकारले, तेवढेच वाचले.

आपल्या घरी प्रात्यक्षिकाची जुनी वही असेल, तर ती उघडा. चिकटवलेल्या रोपाला मूळ असल्यास ते जिथून आणले तिथे जा आणि आज तिथे काय उगवते, हे कृपया स्वतः तपासून पाहा.