मालकांच्या सासऱ्यांची गुद्द्यांची कुस्ती

मेलेल्या माणसाला हाताला धरून आणायचं, जित्या माणसाशी भिडवायचं आणि वर त्या मेलेल्यालाच जिंकवायचं, ही कला चौसाळ्यापासून चकलांब्यापर्यंत एकाच माणसाला येते, आणि तो माणूस आमच्या मालकांचा सासरा आहे. मालकांचा मंडप आणि साउंडचा धंदा. मी त्यांचा साउंडवाला. माझं गाव तळकोकणात, समुद्राच्या कुशीत. नववीत शाळेने मला आणि मी शाळेला एकाच दिवशी नमस्कार केला आणि फिरत फिरत या मुलखात येऊन पडलो. इथे नजर पोचेल तिथवर कापूस आणि ज्वारी, पण कान कितीही टवकारले तरी लाटेचा आवाज नाही. पहिले काही महिने मला उगाच धाकधूक व्हायची, की मालक आज काढतात की उद्या. ती अजूनही होते. पण जेवायला बोलावणारं माणूस घरात असलं की धाकधूकसुद्धा भरल्या पोटी करता येते.

बोलावणारं ते माणूस म्हणजे हे सासरे. मालक त्यांना मामा म्हणतात म्हणून मीही मामाच म्हणतो. मामी गेल्यावर एकुलत्या एक लेकीने त्यांना आपल्याकडे आणलं. आता जावयाच्या घरी सासऱ्याने कायमचं राहायचं म्हणजे कठीण काम. समोरासमोर आले की दोघंही एकमेकांना वाट द्यायला भिंतीला चिकटतात. ज्याच्या घरी आपण राहतो त्यालाच मामा ‘पाव्हणं’ म्हणतात. आणि थेट बोलणं तर नाहीच. मालक दोन हातांच्या अंतरावर बसलेले असताना मामा मला म्हणणार, “कोकण्या, पाव्हण्यास्नी इचार, च्या झाला का.” मालक पेपरातून डोकं न काढता मला सांगणार, “मामांना म्हणावं, झाला.” मी मधल्यामध्ये मान हलवायची. आठ वर्षांत या घरातली निम्मी वाक्यं माझ्या अंगावरून गेली असतील.

पण मामांचा एक रुबाब होता. ते जत्रेतल्या कुस्त्यांचे निवेदक. फेटा बांधून आखाड्यात उतरले आणि माईक हातात घेतला की कालचं पोर महाबली वाटायचं. “माईक हाय तवर जावयाच्या घरचा घास गिळतो बघ,” असं ते मला एकदा म्हणाले होते. ते हसत म्हणाले, पण त्या दिवसापासून त्यांच्या माईकची वायर मी स्वतःच्या हाताने गुंडाळायला लागलो.

सगळा घोटाळा मोबाइलने केला. आबांचा वेळ जावा म्हणून लेकीने आपला जुना मोबाइल दिला आणि त्यांच्या हाताला मुष्टियुद्ध लागलं. त्याला ते ‘गुद्द्यांची कुस्ती’ म्हणत. जड वजनाचे जगातले सगळे गडी, शंभर वर्षांपूर्वीचे आणि परवाचे, त्यांनी एकाच खाटेवर पडून पाहिले. इंग्रजी नावं जिभेवर बसेनात, तेव्हा त्यांनी सरळ बारशी केली. जुन्या काळ्यापांढऱ्या फितीतला मिशीवाला तो मिशाळ आणि आजच्या काळातला साडेसहा फुटी धिप्पाड तो डोंगऱ्या. हे दोघं लागले तर कोण जिंकेल, हा प्रश्न त्यांनी पोटात घेतला आणि मग दुसरं काही पोटात राहीना. ताटातला कांदा मिशाळ व्हायचा, गुळाचा खडा डोंगऱ्या. लेक ओरडायची, “आबा, आधी जेवा, मग मारामाऱ्या लावा!” मामा म्हणायचे, “थांब माय, गूळ कोपऱ्यात सापडलाय.”

मिशाळच जिंकणार, याबद्दल त्यांच्या मनात तिळाएवढी शंका नव्हती. कारण चपळाई. जुन्या फितींत माणसं कशी लगालगा पळतात ते सगळ्यांना माहीत आहे. मामांना मात्र तो मिशाळचा गुण वाटायचा. मी एकदा भीत भीत म्हणालो, “मामा, पण त्यातला पंचही तसाच पळतो. बघे टाळ्या वाजवतात त्याही भराभरा.”

मामांनी माझ्याकडे दयेने पाहिलं. “आरं, त्या काळची मान्संच तशी होती. गावरान तूप, बाबा! आताचा डोंगऱ्या डब्यातली पावडर खातो. त्याचा गुद्दा निघून पोचंस्तवर मिशाळ च्या पिऊन यील.”

पुढे हा रोग गावातल्या माणसांवर उतरला. एका दहाव्याला नदीवर गेलो होतो. कावळा शिवायची वाट बघत सगळे गप्प. मामांनी मयत म्हाताऱ्याला जवानीत नेऊन त्याच्याच धिप्पाड नातवाशी लावला आणि नातवाला दुसऱ्या फेरीत आडवा केला. भाऊबंद खवळले. नातू बाह्या सरसावून उठला. तेवढ्यात डोक्यावर पदर घेतलेली म्हातारी शांतपणे बोलली, “बराबर हाय त्यांचं. ह्यांच्या हाताला लई वजन होतं.” आणि कावळा शिवला. खोटं सांगत नाही.

मला ताप भरला होता तेव्हा हाच माणूस उशाशी बसून मीठपाण्याच्या पट्ट्या ठेवत होता आणि कानाशी लढत सांगत होता. मला ग्लानी आली की म्हणायचा, “झोपू नको बे, मिशाळ आत्ता उठतोय.” मी जगलो ते औषधाने की मिशाळच्या काळजीने, देव जाणे.

पण मागच्या जत्रेत अती झालं. खरी कुस्ती रंगात असताना मामा मधेच माईकवर गरजले, “आन् हे बघा, मिशाळ वेशीतून आत येतोय!” आखाड्यातला एक पैलवान खरंच वेशीकडे बघायला वळला आणि पुढच्या क्षणाला त्याची पाठ मातीला लागली. तो जत्रा कमिटीच्या अध्यक्षांचा भाचा निघाला. यंदाची जत्रा तोंडावर आली तेव्हा अध्यक्षांनी मालकांना बोलावून सांगितलं, “औंदा गुद्द्यांचं नाव काढलं, तर पुढच्या साली निवेदक दुसरा. आन् साउंडबी दुसरा.”

मालक मला म्हणाले, “मामांनी सुरू केलं की माईक बंद करायचा. बटनावरचं बोट काढू नको.” मामांनी मला सांगितलं, “पाव्हण्यास्नी सांग, नारायणगडाची आण हाय. न्हाई काढणार नाव.” दोघंही एकाच टेम्पोच्या दोन बाजूंना उभे होते.

जत्रेच्या दिवशी सगळ्या कुस्त्या गुण्यागोविंदाने पार पडल्या. मामांनी गुद्द्याचा ‘गु’ काढला नाही. राहिली शेवटची मोठी कुस्ती, आणि तिचाच एक पैलवान आला नाही. गेवराईच्या पुढे जीप पंक्चर. ऊन कलायला लागलं. शिट्ट्या झाल्या, मग ढेकळं यायला लागली. अध्यक्ष मामांवर खेकसले, “बोला की काहीतरी! लोक मंडप पाडतील!” मामांनी देणगीदारांचे आभार मानले, हरवलेली दोन पोरं आयांना मिळवून दिली, अध्यक्षांच्या घराण्याचं कौतुक दोनदा केलं. एक ढेकूळ माझ्या मशीनवर येऊन फुटलं. मामांनी माझ्याकडे बघितलं. माझं बोट बटनावरच होतं.

“मंडळी,” मामा म्हणाले, “पैलवान येईस्तवर एक जोड लावू का? सात समुद्रापल्याडची?”

मैदान गप्प झालं. बटन दाब म्हणून मी बोटाला सांगत होतो, पण समोरची ढेकळं थांबली होती. मामांनी दोन्ही गड्यांना मातीला हात लावायला लावला, नारळ फोडला, आणि सुरू केलं. कडुलिंबाखालच्यांनी मिशाळ घेतला, ट्रॅक्टरवर बसलेल्यांनी डोंगऱ्या. कुणी न सांगता हलगी कडाडली. रिकाम्या आखाड्याकडे बघून हजारो माणसं “हाण! हाण!” करत होती.

मालक धावत आले. “बंद कर बे! बंद कर!” आणि मला ढकलून त्यांनी स्वतःच बटनाला हात घातला. तेवढ्यात भोंग्यातून मामा ओरडले, “डोंगऱ्याचा उजवा बसला! मिशाळ खाली!”

मालकांचा हात तिथेच थांबला. “कोण पडलं?”

“मिशाळ.”

“कावून पण? आत्ता तर चांगला खेळत होता!”

मामा आकडे मोजायला लागले; दहापर्यंत उठला नाही तर गडी हरला. लोकही मोजायला लागले. कडुलिंबाखालची माणसं उभी राहून “उठ! उठ!” ओरडत होती. सहा. सात. मालकांचे ओठ हलत होते. आठ. आणि जीपचा हॉर्न वाजला. पैलवान आला, गलका झाला, खरी कुस्ती लागली आणि चार डावांत संपलीसुद्धा. आपला मिशाळ आठावर पडून राहिला.

निघताना अध्यक्षांनी मामांचा फेटा उतरवून मानाचा फेटा बांधला, हात जोडले आणि म्हणाले, “आवाज लई ग्वाड हाय तुमचा. आज मंडप वाचला तो तुमच्यामुळंच. पन शब्द म्हंजी शब्द. पुढच्या साली दुसरा बघतो.” मग मालकांकडे वळून हळूच, “साउंड ऱ्हाऊ द्या.”

मामांनी माईक आपल्या रुमालाने पुसला आणि माझ्या हातात दिला. नेहमी ते तो खोक्यावर ठेवत.

टेम्पोत मालक स्टिअरिंगवर, शेजारी मामा, मागे भोंग्यांच्या गर्दीत मी. केबिनची मागची काच फुटलेली, त्यामुळे आतलं सगळं ऐकू यायचं. मी सवयीने वाट बघत होतो, की आता कोणीतरी मला हाक मारून दुसऱ्यासाठी निरोप देईल. चांगला मैलभर गेल्यावर मालकांनी घसा साफ केला.

“मामा,” ते म्हणाले, “उठला का तो?”

मामा समोरच्या रस्त्याकडे बघत राहिले. फेट्याचा शेमला वाऱ्याने माझ्यापर्यंत आला होता.

“उठला,” मग ते म्हणाले. “जरा दोरीला धरून उठला, पन उठला.”

“मग?”

मग टेम्पो हायवेला लागला, ट्रकांचा आवाज सुरू झाला. गावोगावच्या लोकांचे आवाज मोठे करून देणारा मी, मला पुढचा एक शब्द ऐकू आला नाही. मामांचे दोन्ही हात मात्र हवेत हलत होते आणि मालकांची मान रस्ता सोडून पुन्हा पुन्हा डावीकडे वळत होती.