चपलांची राखण

विमा कंपनीतून निवृत्त झालेल्या सुधाकर मोघ्यांनी जन्मभर राखणच केली. फायलींची केली, लॉकरच्या किल्ल्यांची केली आणि गेली अकरा वर्षं बायकोच्या चपलांची.

आसावरीला रंगीत काचांचं वेड. दर शनिवारी सकाळी जवाहर नगरातून रिक्षा करून दोघं इंग्रजांच्या वेळच्या त्या जुन्या चर्चपाशी यायची. ती पायरीशी चपला काढायची, देवळात काढतो तशा.

"अहो, आज तरी चला आत. मेंढपाळाच्या खांद्यावरचं कोकरू बघा, त्याचा एक डोळा हिरवा आहे. काच बदलताना चुकलं असणार कुणाचं तरी."

"आणि चपला? देवळातून माझे नवेकोरे बूट गेले ते विसरलीस? शिवाय बाहेरून दिसतायत की तुझ्या काचा. डांबर फासल्यासारख्या."

"बाहेरून काळ्याच दिसणार हो," असं म्हणून ती हसत एकटीच आत जायची. हे कडुनिंबाखाली पेपर उघडून बसायचे, पायाशी तिच्या चपला.

माघात चार दिवसांच्या तापानं आसावरी गेली.

चैत्रातल्या एका शनिवारी सुधाकरराव एकटेच आले. कोकराचा डोळा बघायचा होता, एवढंच. ती काढायची तशा पायरीशी चपला काढल्या, तेवढ्यात चर्चची देखभाल करणारे म्हातारे विल्सनजी पुढे झाले.

"बाबूजी, पहने रहिए. यहाँ उतारने का रिवाज नहीं है."

"लेकिन हमारी मिसेस तो उतारती थीं..."

"उन्हें तो मैंने पहले ही दिन बताया था." विल्सनजी थोडे घुटमळले. "बोलीं, रहने दीजिए. हमारे साहब को बाहर बैठने का बहाना चाहिए. बहाना छीन लिया तो साथ आना ही छोड़ देंगे."

सुधाकररावांनी चपला पायरीशीच राहू दिल्या. अनवाणीच आत गेले. विल्सनजींनी दाखवलेल्या, तिच्या नेहमीच्या बाकावर टेकले.

आधी अंधारच होता. मग डोळे सरावले आणि पूर्वेची अख्खी खिडकी पेटल्यासारखी दिसली. निळा झगा, केशरी आभाळ, खांद्यावर कोकरू. खाली फरशीवर जांभळा कवडसा सांडला होता, तो सरकत सरकत त्यांच्या पावलांवर आला.

"अगं, हिरवाच आहे की गं," ते शेजारी वळून म्हणाले.

बाकावरची शेजारची जागा रिकामी होती. दारातले विल्सनजी हळूच बाजूला झाले.

कवडसा पावलांवरून सरकून जाईपर्यंत ते बसून राहिले. बाहेर आले तर त्यांच्या चपला पायरीशी जशाच्या तशा. अकरा वर्षांत पहिल्यांदाच राखायला कुणी नव्हतं, आणि कुणी त्यांना हातसुद्धा लावला नव्हता.

सुधाकरराव त्या चपलांशेजारी बसले. किती तरी वेळ त्यांना पाय आत घालता येईना.