आतून लावलेली कडी

दुपारी एक वाजता मी दार ठोठावलं आणि आतून उत्तर आलं नाही. सकाळचे पोहे दाराबाहेर तसेच होते, वाळून कडक झालेले. नातीला हाक मारली. मग ओरडून मारली. दाराला कान लावला. काही हललं नाही. घर पाचव्या मजल्यावर आणि त्या खोलीला गॅलरी.

दाराची कडी मीच बसवून घेतली होती.

नात पंजाबात, मोहालीला औषधांवर संशोधन करते. प्रबंध लिहायचा म्हणून ती घरीच बसायला लागली. तिचे आईबाप नागपूरला. स्वयंपाकाला म्हणून मी तिथून जवळ झिरकपूरला, तिच्या फ्लॅटवर आले. मी चौथी शिकले. घरात पाहुणा आला की पाटी टाकून मला चुलीशी जावं लागायचं, तिथेच शाळा सुटली. हिचं तसं होऊ द्यायचं नाही, एवढं मी ठरवलं. सुतार बोलावून आतून कडी लावून घेतली. मैत्रिणी आल्या, त्यांना दारातूनच परत पाठवलं. मराठी बायकांच्या हळदीकुंकवाला एकटी गेले. समोरच्या पंजाबी बाई रोज विचारायच्या, "माताजी, बिटिया को धूप में तो भेजो." मी म्हणायचे, "पढ़ रही है." मला त्याचा अभिमान होता.

पुढे ती केस विंचरेनाशी झाली. ताट अर्धं परत यायला लागलं. मोठा अभ्यास असाच असेल, असं मला वाटलं. मला काय माहीत.

त्या दुपारी मी त्याच बाईंचं दार वाजवलं. तोंडातून हिंदी फुटेना. नुसतं बोट दाखवलं. त्यांचा नवरा धावत आला. त्याने खांद्याने तीन धक्के दिले, तेव्हा कडी उपटून आली.

खोली रिकामी होती. गॅलरीत बघायचं मला धाडस झालं नाही. बाई पुढे गेल्या आणि त्यांनी मला हाक मारली. नात तिथे फरशीवर भिंतीला टेकून बसली होती. ऐन थंडीत अंगात स्वेटर नाही, हात बर्फासारखे.

"कठड्याजवळ उभं राहायची भीती वाटली, म्हणून खाली बसले," ती म्हणाली. "तू हाका मारत होतीस, आजी. उठताच येईना."

मी तिला जवळ घेतलं नाही. आधी गॅलरीचं दार लावलं.

डॉक्टरांना दाखवलं, गोळ्या चालू आहेत. आता ती जेवणापर्यंत लिहिते. दुपारी समोरच्या बाईंकडे उन्हात बसून मटार सोलते आणि त्यांची पंजाबी चुकीची बोलून हसं करून घेते. मैत्रिणी येतात, चहा मी करते. दाराला कडीची भोकं आहेत, ती बुजवली नाहीत. खोलीत फार वेळ आवाज आला नाही की अजून मी दाराशी येऊन उभी राहते. मग मी काही कारण काढून आत जाते. ती चिडते. चिडू दे.

प्रबंध अर्धा राहिलाय. नात जिवंत आहे. मीही आहे.